बारवरचे २७ किलो आणि डब्यातले अडीच: सप्लिमेंट घेण्याआधी वजन उचलणाऱ्यांनी काय करावं

२०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत सांगलीच्या संकेत सरगरने ५५ किलो गटात स्नॅचमध्ये ११३ आणि क्लीन अँड जर्कमध्ये १३५, असे एकूण २४८ किलो उचलले. सुवर्णपदक मलेशियाच्या स्पर्धकाला मिळालं, २४९ किलोंवर. फरक एका किलोचा. ज्या खेळात एका किलोवर पदकाचा रंग ठरतो, तिथे एखाद्या पावडरीने तो किलो मिळेल का, हा प्रश्न पडणं स्वाभाविक आहे. स्पर्धा न खेळणारा, ऑफिस सुटल्यावर जिममध्ये जाणारा मुलगाही तोच प्रश्न विचारतो. त्याला पदक नको असतं, पण पगारातले तीन हजार रुपये डब्यावर घालवावेत का, हे त्याला ठरवायचं असतं.

उत्तराचा सगळ्यात उपयोगी आकडा २०१८ सालचा आहे. प्रथिनांची पूरक मात्रा आणि वजनी व्यायाम यांवरचे ४९ प्रयोग संशोधकांनी एकत्र तपासले. त्यांत १,८६३ जण होते. सरासरी तेरा आठवड्यांत नुसत्या व्यायामाने लोकांचं एका रेपचं कमाल वजन, म्हणजे एकदाच उचलता येईल असं जास्तीत जास्त वजन (एक रेप म्हणजे एकदा उचलणं), साधारण २७ किलोंनी वाढलं. जास्तीच्या प्रथिनांनी त्यात भर पडली सुमारे अडीच किलोंची. चरबी सोडून बाकीच्या शरीराचं वजन व्यायामाने सव्वा किलोच्या आत वाढलं आणि प्रथिनांनी त्यावर ३०० ग्रॅम चढवले.

म्हणजे सप्लिमेंटने फरक पडतो. पण तो २७ वर अडीच एवढा. खालच्या पायऱ्यांचा क्रम याच हिशेबाने लावला आहे, म्हणून तो उलटा करू नका.

पायरी १: चार आठवडे फक्त वही

काहीही विकत घेण्याआधी एक वही घाला. स्क्वॉट, बेंच, डेडलिफ्ट, ओव्हरहेड प्रेस, जे मुख्य व्यायाम करता त्यांचं वजन आणि रेप दर वेळी लिहा. सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, काही खाण्याआधी शरीराचं वजन करा आणि आठवड्याची सरासरी काढा. रोजच्या आकड्यावर जाऊ नका. आदल्या रात्री खारट खाल्लं तरी तो किलोभर हलतो. झोप किती तास झाली, तेही लिहा.

चार आठवड्यांनी वही उघडून बघा. वजन किंवा रेप वाढत असतील तर तुम्हाला आत्ता कशाचीच गरज नाही, वाढ चालू आहे. तीन आठवडे तेच वजन, तेवढेच रेप असतील तर बहुतेक वेळा कारण वहीतच सापडतं: आठवड्यातले दोन दिवस बुडालेले, झोप साडेपाच तास, किंवा दर वेळी व्यायामच बदललेला. सव्वा किलोच्या प्लेट जिममध्ये नसतील तर पाच किलोंची उडी मारायची घाई नको, आधी त्याच वजनावर दोन रेप वाढवा. प्लेट हळूहळू चढवत नेणं हेच स्नायू वाढवणारं मूळ काम. ते होत नसेल तर डबा काही करू शकत नाही.

पायरी २: प्रथिनं मोजा, ताटातली

आपल्याकडे सगळ्यात जास्त गडबड इथे होते, म्हणून इथे थोडं थांबू.

साध्या प्रौढ माणसासाठी आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) आणि हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० मध्ये दिलेली शिफारस दर किलो वजनामागे ०.८३ ग्रॅम प्रथिनांची आहे. वजन उचलणाऱ्याला ती पुरत नाही. वर सांगितलेल्या तपासणीत दर किलोमागे साधारण १.६ ग्रॅमपर्यंत फायदा वाढत गेला, त्यापुढे सपाट झाला. त्यामुळे वजन गुणिले १.६ हा तुमचा आकडा. पोट बरंच सुटलेलं असेल तर आजच्या वजनाऐवजी जे वजन गाठायचं आहे ते धरा, नाहीतर आकडा उगाच फुगतो.

६५ किलोंच्या शाकाहारी मुलाला लागतात १०४ ग्रॅम. घरच्या जेवणात हे बसतं का, ते जोडून पाहू. सकाळी ५० ग्रॅम फुटाणे (११) आणि पाव लिटर दूध (८). दुपारी दोन पोळ्या (६), ३० ग्रॅम डाळीचं वरण (७), ४० ग्रॅम कोरड्या मटकीची उसळ (९) आणि वाटीभर दही (५). संध्याकाळी मूठभर शेंगदाणे (७). व्यायामानंतर ४० ग्रॅम सोया चंक्सची भाजी (२०). रात्री ज्वारीच्या दोन भाकरी (१२), ७५ ग्रॅम पनीर (१३) आणि थोडी पातळ आमटी (५). बेरीज १०३. एकही डबा न उघडता.

अंडी खाणाऱ्याला हे आणखी सोपं: एका अंड्यात सहा ग्रॅम. चिकनच्या १०० ग्रॅम कच्च्या, बिनहाडाच्या छातीच्या तुकड्यात २२-२३. कोकणातल्यांना सुक्या बोंबलाचं महत्त्व वेगळं सांगायला नको. त्यात १०० ग्रॅममागे ६० च्या आसपास प्रथिनं असतात, मीठही बरंच असतं, तेवढं सांभाळा.

गडबड होते ती दोन ठिकाणी. एक म्हणजे 'मी रोज वरण खातो' हे वाक्य. वाटीभर पातळ वरणात डाळ असते पंचवीस-तीस ग्रॅम, म्हणजे प्रथिनं सहा-सात ग्रॅम. कोरडी डाळ आठवडाभर तराजूवर मोजून शिजवा, अंदाज कायमचा सुधारेल. दुसरं ठिकाण उपवासाचं. श्रावणातले सोमवार, शनिवार आणि नवरात्राचे नऊ दिवस साबुदाण्यावर काढले तर साबुदाण्यात प्रथिनं जवळजवळ नसतातच. उपवास सोडायची गरज नाही. त्या दिवशी खिचडीत दाण्याचं कूट सढळ हाताने घाला, राजगिऱ्याची भाकरी करा, दूध, दही, पनीर वाढवा.

तालमीतल्या जुन्या खुराकाबद्दलही दोन शब्द. दूध, बदाम, तूप, मटण या खुराकात प्रथिनं आणि उष्मांक दोन्ही होते आणि दिवसाला हजारो बैठका मारणाऱ्या पैलवानाला ते पचायचे. आठ तास खुर्चीत बसून तासभर जिम करणाऱ्याने तूप त्या मापाने घेतलं तर पोट वाढेल. दूध आणि मटण मात्र आजही तितकंच कामाचं आहे.

पायरी ३: कमी पडलं तेवढंच व्हे

सात दिवस ताट मोजूनही रोज २०-३० ग्रॅम कमी पडत असतील, किंवा कॉलेज-नोकरीमुळे दुपारचं जेवण हाताबाहेर असेल, तर व्हे प्रोटीन घ्या. दूध फाटल्यावर जे पाणी सुटतं त्यातलंच हे प्रथिन, वाळवून पावडर केलेलं. ते अन्न आहे. औषध नाही आणि स्टेरॉइड तर नाहीच, हे घरच्यांनाही समजावून सांगा. कॉन्सन्ट्रेट या प्रकारात ७० ते ८० टक्के प्रथिनं असतात, आयसोलेटमध्ये ९० च्या आसपास. दुधाने पोट फुगत असेल तरच आयसोलेटचे जास्तीचे पैसे मोजा.

विकत घेताना डब्याची किंमत बघू नका, ग्रॅमची बघा. समजा एक किलोचा डबा २,४०० रुपयांना आहे, ३३ ग्रॅमच्या स्कूपमध्ये २४ ग्रॅम प्रथिनं आहेत. तीस स्कूप निघतील, म्हणजे ७२० ग्रॅम प्रथिनं. एक ग्रॅम पडला ३ रुपये ३३ पैशांना. सात रुपयांच्या अंड्यातला एक ग्रॅम पडतो १ रुपया १७ पैशांना. वीस रुपयांच्या १०० ग्रॅम सोया चंक्समध्ये ५२ ग्रॅम असतात, ग्रॅम पडतो चाळीस पैशांहून कमीत. तुमच्या गावातले भाव घालून हाच हिशेब करा.

व्यायाम संपल्यावर अर्ध्या तासात शेक घेतलाच पाहिजे, या समजुतीसाठी धावपळ करू नका. २०१३ मध्ये यावरचे प्रयोग एकत्र तपासले गेले, तेव्हा दिवसाची एकूण प्रथिनं सारखी धरल्यावर वेळेचा फायदा उरला नाही. तीन-चार वेळा विभागून खा, घरी जाऊन शांतपणे जेवा.

पायरी ४: क्रिएटिन, पूर्ण समजून

ताकदीसाठी एकच सप्लिमेंट निवडायचं असेल तर माझं मत क्रिएटिन मोनोहायड्रेटला आहे, आणि शाकाहारी असाल तर आणखी ठामपणे.

ते काम कसं करतं? जोरात उचलताना स्नायू एटीपी नावाचं इंधन खर्च करतात. ते काही सेकंदांत संपत येतं आणि स्नायूतलं फॉस्फोक्रिएटिन ते चटकन भरून काढतं. शरीर रोज साधारण एक ग्रॅम क्रिएटिन स्वतः बनवतं, बाकीचं मांस-मासळीतून येतं. शाकाहाऱ्यांच्या स्नायूंत साठा कमी असतो, म्हणून त्यांना वरून घेतल्याचा फरक जास्त जाणवतो. साठा भरला की सेटच्या (न थांबता सलग केलेल्या रेपच्या) शेवटी जिथे अडत होता तिथे एखादा रेप जास्त निघतो. असे जास्तीचे रेप महिनोन्‌महिने साचत जातात आणि त्यातून ताकद वाढते. २००३ च्या एका आढाव्यात २२ प्रयोग होते. व्यायाम आणि क्रिएटिन घेणाऱ्यांची ताकद सरासरी २० टक्के वाढली, व्यायाम करून क्रिएटिनऐवजी तुलनेसाठी दिलेली निष्क्रिय पावडर घेणाऱ्यांची १२ टक्के.

स्नायूंच्या आकाराबद्दल मात्र उत्साह आवरता घ्या. पहिल्या एक-दोन आठवड्यांत वजन किलो-दीड किलोंनी वाढू शकतं. ते बहुतांशी स्नायूंत ओढलेलं पाणी असतं. २०२५ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्स विद्यापीठाच्या प्रयोगात ५४ जण होते. अर्ध्यांना व्यायाम सुरू होण्याआधी आठवडाभर क्रिएटिन दिलं आणि तेवढ्यात त्यांचं चरबीविरहित वजन थोडं वाढलं. पुढच्या बारा आठवड्यांच्या व्यायामात दोन्ही गटांत वाढ जवळपास सारखी, दोन किलोंच्या आसपास झाली. म्हणून पहिल्या पंधरवड्याचा काटा बघून 'स्नायू आले' असं समजू नका. खरी कसोटी बारवर.

मात्रा: रोज ३ ते ५ ग्रॅम, व्यायाम असो वा नसो, कुठल्याही वेळी. तीन-चार आठवड्यांत साठा भरतो. आठवडाभर रोज २० ग्रॅम चार भागांत घेऊन तो लवकर भरता येतो, पण त्यात पोट बिघडण्याचा संभव असतो. स्पर्धा तोंडावर नसेल तर त्याची काही गरज नाही. पॅकसोबतचा चमचा एकदा तराजूवर मोजून पाहा. सपाट भरलेला आणि शिगोशीग भरलेला यांत कितीतरी फरक निघतो. रोज तीन ग्रॅम घेतले तर २५० ग्रॅमचा डबा ऐंशी दिवसांहून जास्त चालतो. साधं मोनोहायड्रेट घ्या. त्याच्या महागड्या भावंडांनी त्याला मागे टाकल्याचं दिसलेलं नाही.

दोन भीती सारख्या कानावर येतात. पहिली केस गळण्याची. तिचं मूळ २००९ च्या दक्षिण आफ्रिकेतल्या २० रग्बी खेळाडूंवरच्या प्रयोगात आहे. त्यात टक्कल पडण्याशी जोडलं जाणारं डीएचटी हे संप्रेरक वाढलेलं दिसलं, केस कुणी मोजलेच नव्हते. २०२५ मध्ये बारा आठवडे केस मोजून पाहिले तेव्हा फरक आढळला नाही. दुसरी भीती किडनीची. निरोगी माणसात या मात्रेने किडनीला इजा झाल्याचं दिसत नाही. रक्ततपासणीत, ज्यावरून किडनीचं काम जोखतात ते क्रिएटिनिन मात्र थोडं वाढलेलं येऊ शकतं, कारण क्रिएटिन मोडून तेच बनतं. तपासणीआधी डॉक्टरांना क्रिएटिन चालू असल्याचं सांगा आणि शंका आली तर सिस्टॅटिन-सी ही किडनीची दुसरी रक्ततपासणी करता येते का, ते विचारा. किडनीचा आजार, ताब्यात नसलेला मधुमेह किंवा रक्तदाब असेल तर क्रिएटिन आणि जास्तीची प्रथिनं, दोन्ही डॉक्टरांशी बोलल्याशिवाय सुरू करू नका. अठराच्या आतल्या मुलांना मी ताट आणि झोप एवढंच सांगतो.

पायरी ५: कॅफीन, जपून

दर किलो वजनामागे ३ मिलिग्रॅम कॅफीन, व्यायामाआधी तासभर, एवढ्याने ताकदीत छोटा पण खरा फरक पडतो. ७० किलोंच्या माणसाला ते २१० मिलिग्रॅम होतं. इन्स्टंट कॉफीच्या सपाट चमच्यात साधारण ६० मिलिग्रॅम असतं, म्हणजे एकूण साडेतीन चमच्यांचे दोन कडक कप पुरतात. सुरुवात एका कपाने करा. शरीरातलं अर्धं कॅफीन बाहेर पडायला पाच तासांच्या आसपास लागतात. रात्री आठला व्यायाम करणाऱ्याने सातला कॉफी घेतली तर झोपेवर पाणी, आणि झोप गेली की कॅफीनने दिलेलं सगळं परत गेलं. संध्याकाळी जाणाऱ्यांनी ही पायरी सोडून द्यावी.

तयार प्री-वर्कआउटच्या (व्यायामाआधी घ्यायच्या पावडरीच्या) एका स्कूपमध्ये २०० ते ३०० मिलिग्रॅम कॅफीन सहज असतं, शिवाय इतर उत्तेजकं. ते घेऊन अंगाला मुंग्या येतात त्या त्यातल्या बीटा-अलानिन या अमिनो आम्लामुळे. बीटा-अलानिन एक ते चार मिनिटं चालणाऱ्या दमछाकीच्या प्रयत्नात, तेही महिनाभर रोज घेतल्यावर उपयोगी पडतं. तीन-पाच रेपच्या जड सेटला त्याचा फारसा लाभ नाही.

पायरी ६: यावर पैसे घालू नका

बीसीएए: स्नायू बांधायला नऊ आवश्यक अमिनो आम्लं लागतात, यात तीनच असतात. प्रथिनं पुरेशी असतील तर वरून घेऊन काही मिळत नाही. ग्लुटामाइन: निरोगी माणसाच्या स्नायूंसाठी निरुपयोगी. गोखरूच्या अर्काचे 'टेस्टोस्टेरॉन बूस्टर': सराव केलेल्यांत ताकद वाढलेली दिसली नाही. मास गेनर: डब्यात मुख्यतः माल्टोडेक्स्ट्रिन, म्हणजे स्वस्त कर्बोदक. बारीक मुलाने त्याऐवजी दूध, दोन केळी, फुटाण्याचं पीठ आणि दाण्याचं कूट मिक्सरमधून काढून प्यावं.

अश्वगंधेला या यादीत सरळ टाकणं योग्य नाही. २०१५ मध्ये भारतात ५७ तरुणांवर प्रयोग झाला. रोज ६०० मिलिग्रॅम अर्क घेणाऱ्यांचं बेंच आठ आठवड्यांत ४६ किलोंनी वाढलं, न घेणाऱ्यांचं २६ किलोंनी. आकडे मोठे आहेत, पण प्रयोग छोटा आहे आणि माणसं व्यायामात नवखी होती. यकृताला इजा झाल्याच्या क्वचित नोंदीही आहेत. मी क्रिएटिनच्या आधी अश्वगंधेवर पैसे घालणार नाही, आणि कावीळ होऊन गेलेल्याने तर तिच्यापासून लांब राहावं.

पायरी ७: डबा हातात घेऊन वाचा

२०२४ मध्ये 'मेडिसिन' या नियतकालिकात भारतातल्या ३६ प्रथिन-सप्लिमेंटची तपासणी प्रसिद्ध झाली. जवळपास ७० टक्के डब्यांवर प्रथिनांची माहिती चुकीची होती, काहींत तर लिहिल्याच्या निम्मीच प्रथिनं. १४ टक्क्यांत बुरशीपासून येणारं अफ्लाटॉक्सिन सापडलं. म्हणून लेबल वाचणं हे खरेदीतलं मुख्य काम आहे.

मागची बाजू वळवा. एफएसएसएआयचा (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) १४ आकडी परवाना क्रमांक शोधा आणि तो त्यांच्या संकेतस्थळावर घालून बघा, नाव-पत्ता जुळला पाहिजे. परदेशी माल असेल तर आयातदाराचं नाव हवंच. मग घटकांची यादी. त्यात वेगळं ग्लायसिन किंवा टॉरिन घातलेलं असेल तर ठेवून द्या. ही स्वस्त अमिनो आम्लं नायट्रोजन वाढवतात आणि साध्या तपासणीत प्रथिनं जास्त भरतात. 'प्रोप्रायटरी ब्लेंड' लिहून प्रत्येक घटकाची मात्रा दिलेली नसेल तरी ठेवून द्या. बॅच क्रमांकावर स्वतंत्र प्रयोगशाळेचा अहवाल मिळतो का, ते पाहा. पावडर पाण्यात टाकून किंवा जाळून केलेल्या घरगुती चाचण्यांनी काहीच सिद्ध होत नाही. जिममध्ये सुटी पावडर पिशवीत मिळत असेल, तर ती कितीही ओळखीच्या माणसाकडची असली तरी घेऊ नका.

पायरी ८: स्पर्धा खेळत असाल तर

उत्तेजक चाचणीत जे सापडलं त्याची जबाबदारी खेळाडूचीच. 'डब्यावर लिहिलं नव्हतं' म्हटल्याने दोष सुटत नाही. डीएमएएसारखी बंदी असलेली उत्तेजकं प्री-वर्कआउटमध्ये सापडलेली आहेत. जिल्हा पातळीच्या पुढे जाणाऱ्याने व्हे आणि क्रिएटिनही प्रत्येक बॅच तपासून प्रमाणित केलेलंच घ्यावं. औषधांसाठी नाडाचं (राष्ट्रीय उत्तेजक प्रतिबंधक संस्थेचं) 'नो युवर मेडिसिन' (Know Your Medicine) ॲप आहे, सर्दीची गोळीही त्यात बघून घ्या. कॅफीनवर २००४ पासून बंदी नाही.

आणि एक गोष्ट स्पर्धा न खेळणाऱ्यांसाठीही. महाराष्ट्रात काही जिममधून मेफेन्टरमाइनची इंजेक्शनं विकली जातात, पोलिसांनी त्यावर कारवाया केल्या आहेत. भूल दिल्यावर पडलेला रक्तदाब वर आणायचं ते औषध. निरोगी माणसाने दमछाक जाणवू नये म्हणून ते टोचून घेणं म्हणजे हृदयाशी खेळ. त्याचं व्यसनही लागतं. 'कोर्स' या नावाखाली स्टेरॉइड देणारा आणि हे देणारा माणूस अनेकदा एकच असतो. तुमच्या जिममध्ये असं कुणी असेल तर जिम बदला आणि बरोबरच्या धाकट्या पोरांनाही सोबत न्या.

पायरी ९: एका वेळी एकच, बारा आठवडे

व्हे, क्रिएटिन आणि कॉफी एकाच सोमवारी सुरू केली तर कशाने काय झालं ते कधीच कळणार नाही. आधी चार आठवडे ताटातली प्रथिनं १.६ वर आणा. पाचव्या आठवड्यात क्रिएटिन सुरू करा आणि व्यायाम तोच ठेवा. वहीत त्याच वजनाला शेवटच्या सेटमध्ये किती रेप निघतात, ते बघा. बाराव्या आठवड्यात आधीच्या महिन्याशी ताडून पाहा. स्क्वॉटला आठाऐवजी नऊ-दहा रेप निघत असतील तर चालू ठेवा. वही हलली नसेल तर डबा संपल्यावर नवा आणू नका. काही माणसांचा साठा आधीपासूनच भरलेला असतो, मांसाहाऱ्यांत हे जास्त दिसतं. त्यांनी तेच पैसे अंड्यांवर किंवा सव्वा किलोच्या दोन प्लेटवर घालावेत.